अंदमानला कशाला गेलात, सर?

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, त्या दिवशी मधल्या सुट्टीत चहा पिताना एका सहकाऱ्याने विचारले, "सर, सुट्टीत दिसला नाहीत. उमऱ्याला गेला होतात का?"

मी म्हणालो, "नाही, अंदमानला."

"कुणाचं लग्न होतं?"

"नाही."

"मग ट्रेनिंग?"

"नाही हो. मी आणि बायको, दोघंच. समुद्र बघायला."

स्टाफरूममध्ये थोडा वेळ कुणी काही बोलले नाही. मग एक ज्येष्ठ सर हसून म्हणाले, "या वयात हनिमून!" सगळे हसले, मीही हसलो. पण दुसऱ्या दिवशी मशिदीबाहेर एका बुजुर्गांनी बाजूला घेऊन विचारले, "मास्टरसाब, सुना है बहुत खर्चा किए?" आणि तिसऱ्या दिवशी धुळ्याहून मेव्हण्याचा फोन आला, की जवान मुलीला आजीकडे टाकून फिरायला जाणे बरे दिसते का. तेव्हा लक्षात आले की हा नुसता थट्टेचा विषय नाही. त्यावर लिहिले पाहिजे.

आधी आमची परिस्थिती सांगतो, म्हणजे गैरसमज नको. मी मूळचा धुळ्याचा. अब्बा पॉवरलूमवर काम करायचे. बी.एड. करून जळगावला शिक्षक झालो, उर्दू आणि मराठी शिकवतो. बायकोचे माहेरही धुळेच. लग्नाला अठरा वर्षे झाली. मुलगी नववीत, मुलगा सहावीत. घराचे हप्ते चालू आहेत. विमानाने फिरणाऱ्या घरांपैकी आमचे घर नाही.

आता एक हिशेब मांडतो. या अठरा वर्षांत माझ्या बायकोने किती प्रवास केला? जळगाव ते धुळे, एरंडोल-पारोळा मार्गे नव्वद किलोमीटर, हा प्रवास तिने शेकडो वेळा केला असेल. मालेगावला नणंदेकडे, भुसावळला मामूंकडे, सुरतला खालाकडे. पण प्रत्येक वेळी काही तरी कारण होते. कुणाचे बाळंतपण, कुणाची मंगनी, कुणाचा निकाह, कुणाचे मयत, कुणाचा चेहलूम. गाडीतून उतरल्यावर ती थेट त्या घराच्या स्वयंपाकघरात जायची. पन्नास माणसांच्या रोट्या लाटायच्या, भांडी घासायची, रडणाऱ्यांना सावरायचे आणि परत यायचे. ज्या गावाला गेली त्या गावात काय आहे, हे तिने कधी पाहिलेच नाही. बाई जळगावहून निघून जळगावला परतली, मधे फक्त चूल बदलली.

आणि मी? मी शिक्षक. पुण्याला ट्रेनिंग, नागपूरला अधिवेशन, मुलांच्या सहली, मित्रांबरोबर अजिंठा, जमातीबरोबर इज्तेमा. सहलीत मी मुलांना तोरणमाळचा तलाव दाखवला, वेरूळचे कैलास लेणे दाखवले. लोकांच्या मुलांना दाखवले. घरात परतलो की ती विचारायची, "कैसा था?" मी म्हणायचो, "अच्छा था," आणि जेवायला बसायचो.

आमच्या खानदेशाला समुद्र नाही. तापी आहे, गिरणा आहे, पांझरा आहे. तापी जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतून वाहत सुरतेजवळ समुद्राला मिळते. तिच्या कडेकडेने सुरत-भुसावळ रेल्वे जाते. नदी रोज समुद्राला जाते, गाड्या रोज जातात, खानदेशातली हजारो माणसे पोटासाठी सुरतेला जातात. माझी अम्मीही सुरतेला कितीतरी वेळा गेली. तिची सख्खी बहीण तिथे राहायची. बहिणीच्या तीन बाळंतपणांना गेली, शेवटी बहिणीच्या मयताला गेली. सुरतेहून डुमसचा समुद्र तासाभराच्या आत आहे. अम्मीला तिथे कुणी नेले नाही. अब्बा म्हणायचे, पुढच्या ईदला जाऊ. लूम कामगाराची पुढची ईद कधी मोकळी नसते.

एकदा मी मुलांच्या भूगोलाच्या वह्या तपासत होतो. अम्मी शेजारी तांदूळ निवडत बसली होती. तिने विचारले, "क्या रे, समंदर का पानी सच्ची खारा रहता?" मी मान वर न करता म्हणालो, "हां अम्मी, खारा रहता." पुढे काही वर्षांनी अम्मी गेली. तिच्या दफनाच्या रात्री मला हजार गोष्टी आठवायला हव्या होत्या, पण तो तांदळाचा सूप आणि तो प्रश्नच आठवत राहिला. माझ्या उत्तरात चूक काही नव्हती. तरी तिला बसमध्ये बसवून डुमसला नेले असते, एक चूळ भरायला लावली असती, तर ते खरे उत्तर झाले असते.

म्हणून आम्ही गेलो. एवढेच कारण आहे.

पैशांचे म्हणाल तर मोहल्ल्यात दोन वर्षांची भिशी होती, महिना दोन हजार. नंबर लागला तेव्हा अठ्ठेचाळीस हजार हातात आले. तेवढ्यात बसवायचे ठरवले. कुठल्या टूर कंपनीचे पॅकेज घेतले नाही. जळगावहून नवजीवन एक्स्प्रेस थेट चेन्नईला जाते, स्लीपरचे तिकीट काढले. पुढे चेन्नई ते पोर्ट ब्लेअर विमान. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने त्या शहराचे नाव श्री विजयपुरम केले आहे, पण तिकडे रिक्षावाल्यापासून सगळे अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतात. विमानाची तिकिटे चार महिने आधी काढली म्हणून परवडली. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून जहाजही जाते, पण त्याला तीन-चार दिवस लागतात आणि तेवढी सुट्टी नव्हती.

सामान म्हणजे पाठीवर दोन सॅक. एक माझी, एक मुलाच्या शाळेची. जळगाव स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर बुरख्यावर सॅक अडकवलेली बाई लोक वळून वळून बघत होते. ती मला म्हणाली, "सूटकेस आणली असती तर बरं झालं असतं, लोक हसताहेत." गाडी भुसावळच्या पुढे गेल्यावर तिने तो विषय पुन्हा काढला नाही. अकोला गेले, वर्धा गेले, चंद्रपूरच्या पुढे जंगल लागले. ती खिडकीतून हलायला तयार नव्हती. एवढा लांब प्रवास आणि टोकाला कुणाचे लग्न नाही, कुणाचे मयत नाही, हे तिला बराच वेळ पचत नव्हते. मधूनच विचारायची, "तिथे गेल्यावर आपल्याला करायचं काय?" मी म्हणायचो, "काहीच नाही."

पोर्ट ब्लेअरच्या फिनिक्स बे जेट्टीवरून बेटांना बोटी सुटतात. खासगी बोटी वातानुकूलित आणि महाग. सरकारी बोट स्वस्त, हळू चालणारी. तिच्यात बेटांवरचे लोक भाजीची पोती, गॅसची शेगडी, आजारी म्हातारी असे सगळे घेऊन बसतात. आम्ही सरकारी बोटीने गेलो. आधी हॅवलॉक, मग नील. ही नावेही २०१८ मध्ये बदलली, आता ती स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप. हॅवलॉकपर्यंत अडीच तास लागले. पहिला अर्धा तास बायको खाली बसून दुआ पुटपुटत होती. तिला पोहता येत नाही, मलाही येत नाही. मग ती डेकवर आली, कठडा पकडून उभी राहिली आणि जेट्टी येईपर्यंत खाली गेली नाही.

हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर आम्ही दुपारी पोचलो. पांढरी वाळू, मागे उंच झाडे, पुढे निळे-हिरवे पाणी. वर्णन करत बसत नाही, फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. मी एवढेच सांगतो की ती पाण्याच्या काठाशी गेली, बुरखा घोट्यापर्यंत उचलला, वाकून ओंजळीत पाणी घेतले आणि चाखले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अम्मी बोलते थे ना." अम्मीचा तो प्रश्न हिला माहीत होता. सासूने सुनेलाही विचारला असणार. मला बोलता आले नाही.

तिथे घड्याळाची एक गंमत होते. अंदमान आपल्यापेक्षा सतरा अंश पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच भारतीय. नोव्हेंबरमध्ये तिथे सूर्य पाच वाजण्याच्या सुमारास मावळतो. जळगावपेक्षा मगरिब जवळजवळ तासभर आधी, आणि फजर तासाहून अधिक आधी. आम्ही अस्र वाळूवर पढलो, आणि जरा पाय मोकळे केले तोवर मगरिब आली. मुसाफिराला नमाज कसर करायची सवलत आहे, हे आपण मकतबमध्ये शिकतो. चार रकातींच्या दोन होतात. बायको म्हणाली, "अल्लाहनेसुद्धा प्रवासात सूट दिली, सासर-माहेरच्यांनी कधी दिली नाही." ती हसत म्हणाली, पण बोलली ते खरे होते.

नील बेट लहान आणि बऱ्यापैकी सपाट. तिथे सायकली भाड्याने मिळतात. मी एक घेतली, म्हटले तुला मागे बसवतो. ती म्हणाली, "दोन घ्या." मला माहीतच नव्हते की तिला सायकल येते. धुळ्यात सातवीपर्यंत ती सायकलने शाळेत जायची. मग एके दिवशी चाचांनी सांगितले, आता मोठी झाली, सायकल बंद. सायकल भावाला दिली. ही गोष्ट अठरा वर्षांत तिने मला कधी सांगितली नव्हती, कारण मी कधी विचारली नव्हती. सव्वीस-सत्तावीस वर्षांनी ती सायकलवर बसली. पहिल्यांदा झाडाला धडकली. मग भाताच्या शेतांच्या मधल्या रस्त्याने अशी काही निघाली की मला धाप लागली. सीतापूरच्या किनाऱ्यापर्यंत मी मागेच होतो.

मला त्या वेळी आठवली ती हजरत आयेशा यांची हदीस. प्रवासात असताना पैगंबरांनी (स.) त्यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली. पहिल्यांदा त्या जिंकल्या. काही काळाने पुन्हा शर्यत झाली तेव्हा पैगंबर जिंकले आणि हसून म्हणाले की ही त्या वेळची परतफेड. ही हदीस आपल्या जलशांतून किती वेळा ऐकली? मी तरी क्वचितच ऐकली. बायकांनी कसे राहावे, काय घालावे, किती हळू बोलावे यावर तासन् तास बयान होतात. नवऱ्याने बायकोबरोबर प्रवासात धावण्याची शर्यत लावावी, ही सुन्नत मात्र कुणी सांगत नाही.

कुरआनात जमिनीवर फिरा आणि पाहा, अशी सूचना एकदा नाही, अनेकदा येते. आपल्या इतिहासात फिरस्त्यांची कमी नाही. इब्न बतूता १३२५ मध्ये टँजियरहून हजसाठी निघाला तो अर्धे जग फिरून चोवीस वर्षांनी घरी परतला. दौलताबादहून गुजरातकडे जाताना तो आपल्या नंदुरबारवरून गेला, आणि ते मराठ्यांचे लहान शहर असल्याची नोंद त्याने केली. पुढे तो मालदीवच्या बेटांवर पोचला, एका बेटावरून दुसऱ्या बेटावर फिरला, तिथे काझी झाला, तिथे लग्नेही केली. तोच लिहितो की त्या बेटांवरच्या बायका आपला मुलूख सोडून कधी जात नाहीत, म्हणून परदेशी माणूस निघताना तलाक देऊन निघतो. काझी म्हणून त्याने तिथल्या बायकांचे कपडे बदलण्याचा खटाटोप केला आणि तो फसला, हेही त्यानेच लिहून ठेवले आहे. मला या माणसाचे कौतुक आहे, वर्गात मी त्याच्याबद्दल आवडीने सांगतो. पण आता सांगताना एक प्रश्न मनात येतो. जग त्याने पाहिले, बायका किनाऱ्यावर राहिल्या. सहाशे-सातशे वर्षांनी आपल्यात काय बदलले? आपणही फिरतोच, एकटेच.

अंदमानला नुसती वाळू आणि पाणी नाही. परत येताना आम्ही सेल्युलर जेल पाहिले. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेले हे जेल, सात पाखे होते, आज तीन उभे आहेत. पण काळे पाणी त्याच्या आधीपासूनचे. मार्च १८५८ मध्ये दोनशे कैद्यांची पहिली तुकडी तिथे उतरवली गेली. सत्तावन्नच्या बंडातले आलिम फझले हक खैराबादी याच मातीत १८६१ मध्ये गेले. आपल्या सातपुड्यात भिल्लांना घेऊन इंग्रजांशी लढलेल्या भीमा नायकाचा शेवटही इथेच झाला. १९२१ च्या मलबारच्या बंडातले मोपले इथे आणले, त्यांच्या वस्त्यांना त्यांनी गावाकडचीच नावे दिली, कालिकत, मंजेरी, वंडूर. आणि नील-हॅवलॉकवर राहतात ते बहुतेक फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची मुले-नातवंडे.

उर्दूचा मास्तर म्हणून मला एक गोष्ट फार भावली. पंजाबी, बंगाली, मद्रासी, मलबारी, पठाण अशा कैद्यांना एकमेकांशी बोलायला जी भाषा सापडली ती हिंदुस्तानी. आजही तिथे घरात बंगाली, मल्याळम किंवा तमिळ, आणि बाहेर पडले की हिंदुस्तानी. आम्ही राहिलो त्या घरची मालकीण बंगाली हिंदू बाई. तिने बायकोला मासे कसे करायचे ते दाखवले, बायकोने तिला ठेचा कसा कुटायचा ते दाखवले. मासे असल्याने हलालचा प्रश्न आला नाही. दोघी रात्री उशिरापर्यंत बोलत बसल्या, त्याच साध्या हिंदुस्तानीत. तिची सासू खुलन्याकडून बोटीने आली होती. बायको नंतर म्हणाली, "तिच्या सासूला समुद्र बघायचाच नव्हता, तरी बघावा लागला. आपल्या अम्मीला बघायचा होता."

आता ज्यांनी आक्षेप घेतले त्यांना उत्तर द्यायला हवे.

पहिला आक्षेप, हा इस्राफ आहे, उधळपट्टी आहे. इस्राफ हराम आहे, मान्य. पण आपल्या मोहल्ल्यात हा शब्द कधी वापरला जातो ते पाहा. मंगनीला दोनशे माणसांची दावत, लग्नात हॉल, डीजे, दोन तऱ्हेची बिर्याणी, जहेजमध्ये कपाट-पलंग-गाडी, तेव्हा कुणी इस्राफ म्हणत नाही. उलट जेवायला न बोलावल्याचा राग धरतात. आमचे आठ-नऊ दिवस अठ्ठेचाळीस हजारांत बसले, कुणाचे कर्ज काढले नाही. बायकोवर खर्च झाला की तो डोळ्यात येतो, बिरादरीवर झाला की तो रिवाज होतो.

दुसरा आक्षेप, आधी हज करायला हवी होती. ही गोष्ट मी हलकी मानत नाही. ऐपत असेल त्याच्यावर हज फर्ज आहे आणि आमचीही नियत आहे, वेगळे पैसे बाजूला पडतात. पण मी उलट विचारतो. फ्रिज घेताना, स्मार्टफोन घेताना, घराला टाइल्स बसवताना आधी हज का नाही, असे मला कुणी विचारले नाही. बायकोला समुद्र दाखवला तेव्हाच हज आठवली. अम्मीची ना हज झाली, ना समुद्र झाला. एकाचे नाव घेऊन दुसरे थांबवले म्हणजे पहिले होतेच असे नाही.

तिसरा आक्षेप मुलीचा. ती आजीकडे होती, आपल्या घरी होती. रोज व्हिडिओ कॉलवर विचारायची, आज कुठले बेट? नकाशात शोधायची. मेव्हण्याला वाटते, आम्ही तिच्यासमोर वाईट उदाहरण ठेवले. मला वाटते, आई-वडील एकमेकांच्या सोबतीने खूश राहू शकतात हे तिने पहिल्यांदा पाहिले. उद्या तिच्यासाठी स्थळ बघताना आपण मुलाचा पगार विचारू, घर विचारू. मुलगी मात्र मनात ठरवून ठेवेल की नवरा कसा हवा. त्याला माझी हरकत नाही.

चौथी गोष्ट कुणी विचारली नाही, पण मीच सांगतो. बेटांवर जाणाऱ्यानेही हद्द ओळखावी. रिक्षावाल्याने बाराटांगला नेतो म्हटले होते. तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. तो बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला होता, तरी गाड्यांचे ताफे जातात आणि लोक काचेला नाक लावून माणसे बघतात. आम्ही गेलो नाही. लोक आपल्या बायकांकडे रोखून बघतात तेव्हा आपल्याला राग येतो, मग आपण तसे कुणाकडे का बघावे? बायकोने मुलांसाठी शंख-शिंपले वेचले होते. ते नेणे कायद्याने गुन्हा आहे असे कळल्यावर तिने ते परत वाळूत ठेवले. मुलगा थोडा रुसला.

आता जे सांगायला मला अवघड जाते ते सांगतो, नाही तर हा लेख म्हणजे माझीच तारीफ होईल. शेवटच्या रात्री मी तिला जरा तोऱ्यातच विचारले, "मग, खूश ना?" मला वाटले ती शुक्रिया म्हणेल. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "खूश आहे. पण अठरा वर्षांत तुम्ही एकदाही विचारलं नाही, तुला कुठे जायचंय म्हणून. आतासुद्धा अंदमान तुम्हीच ठरवलं. तिकीट काढून आणलं आणि मला सांगितलं." मी म्हणालो, "तुला आवडलं नाही का?" ती म्हणाली, "आवडलं. तो प्रश्न वेगळा आहे."

मी रागावलो. एवढा खर्च, एवढी धावपळ, आणि वर हे ऐकायचे! पाठ फिरवून झोपलो. पण झोप आली नाही. ती बरोबर बोलत होती. अम्मीच्या वेळची चूक सुधारायला मी निघालो होतो, माझ्या मनावरचे ओझे उतरवायला. त्यात हिला काय हवे ते विचारायचे राहूनच गेले. चाचांनी सायकल काढून घेतली तेव्हाही तिला कुणी विचारले नव्हते. हिसकावून घेणारा आणि आणून देणारा, दोघांनीही विचारले नाही तर बाईच्या वाट्याला फार फरक पडत नाही.

सकाळी फजरनंतर मी तिला विचारले, "तुला कुठे जायचं होतं?" ती म्हणाली, "थाळनेरला."

मला हसू आले. थाळनेर म्हणजे शिरपूर तालुक्यात, तापीच्या काठावर. फारुकी सुलतानांचे मकबरे आहेत तिथे, एके काळी खानदेशाची राजधानी होती. धुळ्याहून दीड-दोन तासांचा रस्ता. शाळेची सहल गेली होती, तिला पाठवले नव्हते. मैत्रिणींनी येऊन सांगितलेले तिच्या मनात राहून गेले होते. अठ्ठेचाळीस हजारांच्या प्रवासानंतर मला कळले की तिला शंभर रुपयांच्या एसटीच्या अंतरावर जायचे होते.

गेल्या महिन्यात आम्ही चौघे थाळनेरला जाऊन आलो. काळवंडलेले घुमट, दगडावरचे कोरीव काम, खाली तापी. घरून कळण्याची भाकरी आणि भरीत नेले होते. मुलीने फोटो काढले, मुलाने नदीत दगड मारले. तिने प्रत्येक मकबरा हात लावून पाहिला.

म्हणून भावांना माझी विनंती एवढीच आहे. अंदमानला जा असे मी म्हणत नाही. बेटच बघायचे असेल तर जंजिरा आहे, राजपुरीहून शिडाच्या होडीने जाता येते. समुद्र बघायचा असेल तर सुरतेचे तिकीट काढा, डुमसला जा. तेही नको तर सातपुड्यात पालला जा, लळिंगचा किल्ला बघा. महत्त्वाचे हे की ज्या गावाला जाल तिथे तिला कुणाची रोटी लाटायची नसावी. आणि जायच्या आधी विचारा. आज रात्री जेवण झाल्यावर, टीव्ही बंद करून विचारा, तुला कुठे जायचंय? पहिल्यांदा ती म्हणेल, कुठेच नाही. माझीही आधी तेच म्हणाली असती. पुन्हा विचारा.

नवी भिशी सुरू झाली आहे. या वेळी नाव तिचे लिहिले आहे. पैसे कशाला लागतील ते तिने अजून सांगितलेले नाही.